ड्रिल ओरडतंय, ऐकताय ना?

पुढच्या वेळी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग मशीन चालू असेल, तेव्हा एक काम करा. दोन मिनिटं मोबाइल खिशात ठेवा आणि नुसतं ऐका. ड्रिल लोखंडात शिरताना आधी 'खर्र' असा आवाज येतो, मग तो एकसारखा होतो. सगळं ठीक चाललं असेल तर तो शेवटपर्यंत तसाच राहतो. पण कधीकधी मध्येच एक बारीक, कानात घुसणारी किंचाळी सुरू होते. आपण काय करतो? दातावर दात दाबून हँडल आणखी जोरात खाली ओढतो, एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून.

हे चुकतं. का चुकतं, ते मला भोसरी एमआयडीसीतल्या एका टूल रूममध्ये कळलं. मी मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी, लोखंडाशी माझा संबंध तव्यापुरता. मेकॅनिकलला असलेल्या मैत्रिणीबरोबर तिच्या प्रोजेक्टसाठी म्हणून गेले होते. तिथे तीस वर्षं मशीनवर काढलेले एक काका भेटले. आधी 'मॅडम' म्हणाले, चहा झाल्यावर 'पोरी' म्हणायला लागले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नाव नाही. पण त्यांनी सांगितलेलं तुमच्यापर्यंत पोचवलंच पाहिजे. तुम्ही डिप्लोमाला असाल, इंजिनीअरिंगला असाल, आयटीआय करून अप्रेंटिसशिपला लागणार असाल, तर जरा जास्तच.

हार्डनिंगनंतर आठवलेलं होल

काकांच्या टेबलाच्या खणात एक लोखंडी पट्टी आहे. पंचवीस मिलिमीटर जाडीची, कडा चकचकीत ग्राइंड केलेल्या. तिच्यात सगळी होलं व्यवस्थित आहेत, फक्त एकात तुटलेल्या ड्रिलचा तुकडा अडकलाय. "हा माझा डिप्लोमा," काका म्हणाले.

गोष्ट त्यांच्या एकोणिसाव्या वर्षाची. एका डायची प्लेट तयार झाली होती. मशिनिंग झालं, हार्डनिंग झालं, ग्राइंडिंग झालं. आणि मग लक्षात आलं की ड्रॉइंगमधलं आठ मिलिमीटरचं एक होल राहिलंय.

तुम्ही म्हणाल, राहिलं तर राहिलं, आता मारा. इथेच गंमत आहे. डायसाठी वापरतात ते टूल स्टील भट्टीत जाण्याआधी बऱ्यापैकी मऊ असतं. साध्या हाय स्पीड स्टीलच्या, म्हणजे एचएसएसच्या ड्रिलनं त्यात आरामात होल पडतं. भट्टीत तापवून, तेलात किंवा हवेत थंड करून, टेंपरिंग करून ते बाहेर आलं की त्याची हार्डनेस रॉकवेल सी स्केलवर ५८ ते ६०च्या घरात जाते. एचएसएसचं ड्रिल स्वतः ६३ ते ६५. म्हणजे कापणारा आणि कापला जाणारा जवळपास सारख्याच ताकदीचे. टूल रूममध्ये याची साधी परीक्षा आहे. जॉबच्या एखाद्या बिनकामाच्या कोपऱ्यावर कानस चालवून बघायची. कानस चावली तर मऊ, काचेवर चालवल्यासारखी घसरली तर कडक.

म्हणूनच नियम असा की आधी होल, मग हार्डनिंग. पण नियम ड्रॉइंगवर असतात. शॉपमध्ये कुणी विसरतं, कस्टमर डिझाइन बदलतो, जुन्या डायची दुरुस्ती निघते. मग कडक स्टीलमध्ये ड्रिलिंग करण्याची वेळ येतेच.

एकोणीस वर्षांच्या काकांनी आधी एचएसएसचं ड्रिल लावलं. ते किंचाळलं. त्यांनी हँडल दाबलं. ड्रिलचे कोपरे निळे पडले, धार गेली, आणि प्लेटवर आरशासारखी चकाकणारी एक खळी तेवढी राहिली. मग कुणीतरी कार्बाइडचं ड्रिल आणून दिलं. त्यांनी ते त्याच जुन्या रेडियल मशीनला लावलं. त्या मशीनच्या स्पिंडलला प्ले होता हे सगळ्यांना माहीत होतं. ड्रिल पुन्हा किंचाळलं. काकांनी पुन्हा दाबलं. या वेळी 'टक्' असा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

"त्या टक् नंतरची शांतता अजून ऐकू येते," काका म्हणाले.

ड्रिल हलतं म्हणजे नक्की काय होतं?

आपल्याला ड्रिल दिसतं ते सरळ, ताठ दांड्यासारखं. पण मेटल कापताना ते एखाद्या स्प्रिंगसारखं वागतं. आडवं वाकतं, वर-खाली होतं आणि पिळलंही जातं.

पहिला प्रकार वाकण्याचा. ड्रिलचं टोक नीट बघा. ते सुईसारखं टोकदार नसतं. दोन कापणाऱ्या धारांच्या मध्ये एक छोटी आडवी कड असते, तिला चिझल एज म्हणतात. अगदी मध्यावर फिरण्याचा वेग शून्य असतो, त्यामुळे तिथे मेटल कापलं जात नाही, ते दाबून बाजूला सारलं जातं. ड्रिलला खाली ढकलायला लागणाऱ्या जोरातला मोठा वाटा ही इवलीशी कड खाते. आणि पृष्ठभागावर टेकल्या टेकल्या ती भटकते. भटकलेलं ड्रिल होलमध्ये शिरताना भोवऱ्यासारखं डुलतं आणि मग होल गोल न पडता तिकोनी गोलाईचं पडतं. दोन धारांच्या ड्रिलनं तीन कोपऱ्यांचं होल! विश्वास बसत नसेल तर हातातल्या ड्रिलनं पातळ पत्र्यात मोठं होल मारून बघा.

दुसरा प्रकार पिळण्याचा. आज आपण वापरतो त्या पिळाच्या ड्रिलचं पेटंट अमेरिकेत १८६३ साली स्टीफन मोर्स यांनी घेतलं. वर्कशॉपमध्ये 'मोर्स टेपर' म्हणतो ते हेच मोर्स. या पिळाची एक खोड आहे. कापताना जोर वाढला की पीळ किंचित उलगडतो, आणि पीळ उलगडला की ड्रिल लांब होतं. लांब झालं की टोक आणखी खोल रुततं, जोर आणखी बदलतो, मग ते परत आखडतं. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा झालं की जो आवाज येतो, तीच ती किंचाळी. होलच्या तळाशी किरणांसारख्या रेघा दिसल्या तर समजा की ड्रिल असं लांब-आखूड होत होतं.

आता यातला सगळ्यात चिवट भाग. पहिली धार हलत हलत गेली तर मागे लाटांचा पृष्ठभाग ठेवून जाते. अर्ध्या फेऱ्यानंतर दुसरी धार त्याच लाटांवरून जाते. लाटेच्या उंचवट्यावर तिला जाड चिप कापावी लागते, खळग्यात पातळ. त्यामुळे जोर कमी-जास्त होतो, ती आणखी हलते आणि तिसऱ्यासाठी आणखी मोठ्या लाटा ठेवते. उकरलेल्या रस्त्यावरून एक रिक्षा उडत गेली की मागचीही उडणार, तसंच. फक्त इथे प्रत्येक रिक्षा खड्डा थोडा वाढवून जाते. पुस्तकात याला रीजनरेटिव्ह चॅटर म्हणतात. १९५०च्या दशकात टोबायस आणि ट्लुस्टी या संशोधकांनी याचं गणित मांडलं. त्या गणिताचा एक निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. चॅटर नेहमी वेग वाढला म्हणून होत नाही. काही ठरावीक वेगांना ते होतं, त्याच्या थोडं वर किंवा खाली गेलं की थांबतं. काका हे गणित शिकलेले नाहीत. पण "पन्नास आरपीएम इकडे-तिकडे करून बघायचे" हे त्यांना पाठ आहे.

आठ लाख पौंड चिप्स

हे सगळं शोधायला माणसानं किती लोखंड खर्च केलं असेल? अमेरिकेतले फ्रेडरिक टेलर यांनी १८८०च्या सुमारास मेटल कापण्याचे प्रयोग सुरू केले आणि ते २६ वर्षं चालवले. त्यात आठ लाख पौंडांहून जास्त, म्हणजे साडेतीनशे टनांवर लोखंड आणि स्टील चिप्स होऊन गेलं. डिसेंबर १९०६मध्ये अमेरिकन मेकॅनिकल इंजिनीअर्सच्या सोसायटीपुढे अध्यक्ष म्हणून त्यांनी तो सगळा हिशेब मांडला. आणि इतकं करूनही, कामगारापुढचा सगळ्यात गूढ आणि नाजूक प्रश्न कुठला, तर हे चॅटर, अशी कबुली त्यांनी दिली. तेव्हा पहिल्या वर्षी तुम्हाला ते समजलं नसेल तर फार मनाला लावून घेऊ नका.

टेलर यांचं जे समीकरण तुम्ही परीक्षेत लिहिता, व्ही गुणिले टीचा एन घात बरोबर सी, ते त्याच कामातून आलं. व्ही म्हणजे कापण्याचा वेग, टी म्हणजे टूलचं आयुष्य. पाच मार्कांसाठी आपण ते लिहितो आणि विसरतो. पण एकदा त्यात आकडे टाकून बघा.

एचएसएससाठी एन साधारण ०.१२५ धरतात. म्हणजे वेग १० टक्के वाढवला तर टूलचं आयुष्य निम्म्याहून कमी होतं. २० टक्के वाढवला तर चौथ्या हिश्श्याच्याही खाली. दुप्पट केला तर २५६वा हिस्सा! "लवकर उरकतो" म्हणून पुली एक पायरी बदलणारा मुलगा मिनिट वाचवत नसतो, ड्रिल जाळत असतो. कार्बाइडचा एन साधारण ०.२५, म्हणजे ते जरा सोसतं. २० टक्के वेग वाढवल्यावरही त्याचं आयुष्य जवळपास निम्मं तरी उरतं.

आणि हा वेग आरपीएम नव्हे, हे माझ्या मैत्रिणीनं मला तीनदा समजावलं. वेग म्हणजे ड्रिलचा बाहेरचा कोपरा मिनिटाला किती मीटर अंतर घासत जातो ते. दहा मिलिमीटरच्या एचएसएस ड्रिलनं माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला ३० मीटर वेग हवा असेल तर आरपीएम येतात ९५५. पाच मिलिमीटरच्या ड्रिलला तोच वेग द्यायला दुप्पट, १९१०. काकांच्या त्या प्लेटसारख्या कडक स्टीलमध्ये मात्र कार्बाइडचं ड्रिलही मिनिटाला १५ मीटरच्या आसपास चालवावं लागतं. आठ मिलिमीटरला ते होतात जेमतेम ६०० आरपीएम. तरी एका फेऱ्याला चार शतांश मिलिमीटर फीडनं २५ मिलिमीटरची प्लेट मिनिटभरात पार होते.

एका मिनिटाचं काम. त्यासाठी काकांनी आख्खी डाय घालवली होती.

घासलेली धार की हलणारं ड्रिल? आधी कोण?

ड्रिल मरतं कसं, तेही बघू. सगळ्यात आधी जातो बाहेरचा कोपरा, कारण सगळ्यात जास्त वेग आणि सगळ्यात जास्त उष्णता तिथेच. धारेच्या मागच्या बाजूला एक चकाकणारी पट्टी दिसू लागते, तिला फ्लँक वेअर म्हणतात. एचएसएस साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत आपला कडकपणा टिकवतं, त्यापुढे मऊ पडतं. मऊ पडलं की कापण्याऐवजी घासतं, घासलं की आणखी तापतं, आणि मग दोन सेकंदांत खेळ खलास.

कार्बाइड इतक्या लवकर मऊ पडत नाही. ते जर्मनीत १९२०च्या दशकात बाजारात आलं, क्रुप कंपनीनं त्याला नाव दिलं विडिया. जर्मन भाषेत 'हिऱ्यासारखं' या शब्दांवरून हे नाव केलंय. आपल्याकडच्या शॉपमध्ये आजही कार्बाइडला 'विडिया' म्हणणारे सापडतील. हिऱ्यासारखं कडक, खरंय. पण काचेसारखं ठिसूळही. त्याची ताठपणाची क्षमता स्टीलच्या जवळपास तिप्पट, म्हणजे ते कमी वाकतं. पण थोडं जास्त वाकवलं तर स्टीलसारखं सोसत नाही, सरळ तुटतं. हलणाऱ्या मशीनला कार्बाइड लावणं म्हणजे खड्ड्यातून जाणाऱ्या एसटीत मांडीवर काचेची बरणी घेऊन बसण्यासारखं आहे.

आता प्रश्न येतो आधी कोण? ड्रिल हललं म्हणून धार गेली, की धार गेली म्हणून ड्रिल हललं? उत्तर दोन्ही. व्हायब्रेशनमुळे धारेला सेकंदाला शेकडो धक्के बसतात, तिचे बारीक टवके उडतात. टवके उडालेल्या धारेला कापायला जास्त जोर लागतो. जास्त जोरामुळे ड्रिल आणखी हलतं. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही, ते थांबवावं लागतं. आणि ते सुरू झाल्याची पहिली खबर आवाजातून येते, डोळ्याला काही दिसायच्या आधी.

मग करायचं काय?

काकांना हे विचारलं तेव्हा त्यांनी बोटं मोजत सांगितलं. मैत्रिणीनं त्याला पुस्तकातली कारणं जोडली. दोघांचं मिळून असं झालं:

ड्रिल आखूड लावा. काम २५ मिलिमीटरचं असताना दीडशे मिलिमीटरचं ड्रिल लोंबकळत ठेवू नका. बीमचं सूत्र आठवा, वाकणं लांबीच्या घनाच्या पटीत वाढतं. बाहेर आलेली लांबी निम्मी केली तर वाकणं आठपट कमी. फुकटात मिळणारा यापेक्षा मोठा फायदा मशीन शॉपमध्ये दुसरा नाही.

आउट बघा. ड्रिल चकमध्ये पकडल्यावर डायल लावून हातानं फिरवा. काटा नाचत असेल तर एक धार जास्त कापतेय, दुसरी कमी. एचएसएस थोडंफार चालवून घेतं, कार्बाइड नाही. कडक स्टीलसाठी साधा ड्रिल चक नको, चांगला कॉलेट किंवा त्याहून नेमका होल्डर हवा.

टोक बघा. नेहमीच्या ड्रिलचा कोन ११८ अंश असतो. कडक मटेरियलसाठी १३५ अंशांचं, मधली चिझल एज बारीक केलेलं टोक घेतात. ते कमी भटकतं.

जॉब बांधा. हातानं धरलेला जॉब हा जॉब नसतो, भिरभिरणारं पातं असतं. खालून आधार नसलेली प्लेटही ढोलासारखी थरथरते.

आणि आता ज्याचं मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते. किंचाळी सुरू झाली की घाबरून फीड कमी करू नका. आपल्याला वाटतं, हळू दाबलं की ड्रिल वाचेल. उलट होतं. फीड फार कमी झालं की धार मेटलमध्ये शिरत नाही, वरच्यावर घासते. ड्रिल तापतं. स्टेनलेस स्टीलसारखं मटेरियल असेल तर घासलेला थर आणखी कडक होतो. ड्रिलिंगच्या चॅटरवर बहुतेक वेळा उपाय असतो आरपीएम कमी आणि फीड नेहमीचं ठेवणं, प्रसंगी किंचित वाढवणं. पण हे ड्रिल धारदार असेल तरच. धार गेली असेल तर एकच उपाय, थांबा आणि ड्रिल बदला.

म्हणजे हँडल दाबणारे काका चुकले होते, हे बरोबर. पण कुठे चुकले? आवाज आल्यावर थांबले नाहीत, तिथे. ड्रिल बाहेर काढून धार बघितली नाही. मशीनचा प्ले माहीत असून बोलले नाहीत.

न थांबण्याची किंमत

मी काकांना विचारलं, "माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

ते हसले. "एकोणीस वर्षांचं पोरगं काय बोलणार? मशीन थांबवलं की सुपरवायझर विचारणार, का थांबवलंस? आवाज येतोय म्हणालो तर म्हणणार, मशीन आहे, आवाज येणारच."

तुटलेला कार्बाइडचा तुकडा कडक प्लेटमधून काढायचा तर दुसऱ्या ड्रिलनं निघत नाही. तो स्पार्क मशीनवर ठिणग्यांनी जाळून काढावा लागतो. त्या वेळी त्या शॉपमध्ये ते मशीन नव्हतं. बाहेर पाठवायला वेळ नव्हता. नवी प्लेट करावी लागली. काकांचे त्या महिन्याच्या पगारातून पैसे कापले गेले. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की घरी वडिलांना तुटलेलं ड्रिल दाखवलं, तेव्हा वडील म्हणाले, "तुकडा जपून ठेव." प्लेट भंगारात जाणार होती, ती काकांनी मागून घेतली.

आज त्यांच्या हाताखाली चार मुलं आहेत. दोन आयटीआयची, एक डिप्लोमाचा, एक काहीच न शिकलेला, पण कान तयार असलेला. पहिल्या आठवड्यात काका त्यांना मशीन चालवू देत नाहीत. मशीनकडे पाठ करून उभं करतात आणि विचारतात, आता काय चाललंय? ड्रिल शिरलं का? पार झालं का? धार गेली का? मुलं आधी हसतात. पंधरवड्यात बरोबर सांगायला लागतात.

आणि एक नियम आहे. आवाज बदलला म्हणून मशीन थांबवलं तर कुणी ओरडणार नाही. कारण चुकीचं निघालं तरी नाही. मी तिथे होते तेव्हा त्या न शिकलेल्या मुलानं मशीन थांबवलं. ड्रिल काढलं, नखावर धार बघितली, परत काकांकडे आणलं. ड्रिल चांगलं होतं. चिप्स होलमध्ये अडकल्या होत्या, आवाज त्याचा होता. त्यानं चिप्स साफ केल्या आणि परत सुरू केलं. काकांनी मान डोलावली, एवढंच. तीन मिनिटं गेली असतील.

तुमच्या मोबाइलमधली लॅब

आता जरा तुमच्या सिलॅबसकडे. आज मोठ्या कारखान्यांत स्पिंडलवर सेन्सर असतात. व्हायब्रेशन मोजणारे, मोटरवरचा लोड मोजणारे. लोड हळूहळू चढत गेला की मशीनला कळतं, धार घासतेय. एकदम उसळला की मशीन स्वतः थांबतं. पण छोट्या शॉपमधलं प्रत्येक मशीन तेवढं हुशार नसतं, आणि तुमच्या कॉलेजमधलं तर नसतंच.

मग एक प्रोजेक्ट करून बघा. सुरक्षित अंतरावर मोबाइल ठेवा आणि ड्रिलिंगचा आवाज रेकॉर्ड करा. फुकट मिळणाऱ्या कुठल्याही स्पेक्ट्रम ॲपमध्ये तो बघा. एम-थ्रीमध्ये रडत रडत शिकलेलं फुरिये ट्रान्सफॉर्म ते हेच. ९५५ आरपीएमला दोन धारांचं ड्रिल सेकंदाला साधारण ३२ वेळा कापतं. तेव्हा ३२, ६४, ९६ अशा पटीत जी शिखरं दिसतील ती नेहमीची. पण या पटीत न बसणारं एखादं मोठं शिखर वर आलं, तर ते चॅटर असण्याची शक्यता मोठी. आता ड्रिलची लांबी बदला, आरपीएम बदला, नवं आणि घासलेलं ड्रिल लावा, आणि शिखर कुठे जातं ते बघा. माझी मैत्रीण हेच करतेय. तिचा पहिला आलेख काकांना दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि त्या शिखरावर बोट ठेवून म्हणाले, "हाच तो. याच्यामुळे माझा पगार कापला होता."

मशीनपुढे उभं राहण्याआधी

- हातमोजे नकोत. फिरतं ड्रिल मोजा पकडतं आणि मोज्याबरोबर बोट. केस बांधा, ओढणी आणि लोंबणाऱ्या बाह्या आवरा.
- गॉगल हवाच. तुटलेल्या कार्बाइडचे तुकडे सांगून येत नाहीत.
- चिप्स हातानं काढू नका, ब्रश वापरा. तोही मशीन थांबवून.
- मटेरियल कुठलं आणि हार्डनिंग झालंय का, हे आधी विचारा. माहीत नसेल तर कानस चालवून बघा.
- वेग आणि फीड अंदाजानं नको. ड्रिल बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातून घ्या आणि आरपीएम काढून वहीत लिहा.
- चिप्सचा रंग बघा. एचएसएसनं कापताना निळ्या चिप्स येत असतील तर धारही तापतेय. कार्बाइडमध्ये मात्र निळी चिप नेहमीच वाईट नसते, कारण उष्णता चिपबरोबर बाहेर जातेय असाही त्याचा अर्थ होतो.
- आवाज बदलला तर थांबा. कुणी काही म्हणालं तरी थांबा.

निघताना काकांनी खणातली ती प्लेट माझ्या हातात दिली. जड होती, गार होती. तुटलेल्या तुकड्यावरून बोट फिरवलं तर कड अजून लागते. "नेतेस का?" त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. सोमवारी नवीन दोन मुलं जॉइन होणार होती. प्लेट तिथेच असायला हवी.